बोटीची पाठ

बोट उलटी करायची की सुलटी, यावरच सकाळपासून वाद चालला होता.

"उलटीच आहे ती! उलटीला उलटी करायची म्हणजे सुलटी करायची," अण्णांचा धाकटा मुलगा म्हणाला.

"मग नीट बोल ना. लोक घाबरतात," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, निवृत्त परिचारिका. तिने आयुष्यभर मोठमोठ्या डॉक्टरांना 'बाजूला व्हा' म्हटलं होतं आणि ती सवय अजून गेली नव्हती. परसात मधोमध खुर्ची टाकून ती बसली होती आणि हातातल्या छत्रीने जागा दाखवत होती. "तू डावीकडे. तू कोपऱ्यावर. अण्णा, तू कशालाही हात लावायचा नाहीस. गुडघे सांभाळ."

"बोट माझी आहे," अण्णा म्हणाले.

"अर्धी. अर्धी माझी. आणि माझ्या अर्ध्या बोटीला तू हात लावायचा नाहीस."

धाकटी सून कोपऱ्यावर उभी राहिली. पदर खोचायचा प्रश्न नव्हता, तिने जुनी विजार आणि नवऱ्याचा ढगळ शर्ट घातला होता. दोन्हींवर रेझिनचे, बोट सांधायच्या चिकट द्रवाचे, वाळलेले, कडक झालेले डाग होते. दवाखान्यातल्या पेशंटांनी आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना या वेषात पाहिलं असतं तर अर्धे पेशंट दाढ दुखतच घरी गेले असते. पण गेला सगळा हिवाळा तिच्या सुट्ट्या याच परसात गेल्या होत्या. लग्नानंतर इतकी वर्षं ती आणि सासरे एकमेकांशी 'चहा घेता का' आणि 'हो, अर्धा' यापलीकडे बोलले नव्हते. मग एका दुपारी ती कपडे वाळत घालायला आली, तेव्हा अण्णा बोटीच्या पोटाला पडलेल्या भेगेत बोटाने पुट्टी कोंबत होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "असं नका भरू. आधी कुजलेलं सगळं कोरून काढायला हवं. नाहीतर आत वाढत जातं."

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू कपड्यांच्या दोरीनेच तोंड उघडलं.

ते शिंपी. भेगेवर डकवायचं फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, कापड कसं बेतायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. बोटीच्या गोलाईवर सरळ तुकडा चुण्या पाडतो म्हटल्यावर त्यांनी तो लगेच उरेब, म्हणजे तिरका, कापला, आणि कापड पोटावर असं बसलं की जणू मापाचंच शिवलं होतं. रेझिन कालवणं, ते किती वेळात घट्ट होतं याचा अंदाज घेणं, थरात बुडबुडा राहू न देणं, हे तिच्या बोटांत होतं. कापड त्यांचं, डिंक तिचा. असं करत करत बोटीचं पोट भरून निघालं होतं, घासून गुळगुळीत झालं होतं आणि काल त्यावर पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात बसला होता.

आज ती सुलटी करायची, उद्या सकाळी गवंडी यायच्या आत फाटकातून बाहेर काढायची आणि धक्क्यावर न्यायची. कारण हे परस ताईला हवं होतं.

ताई म्हणजे अण्णांची थोरली लेक. विमा कचेरीत नुकसानीची पाहणी करायची तिची नोकरी. जळालेली दुकानं आणि चेपलेल्या मोटारी बघून बघून तिला सगळ्या वस्तू शेवटी मोडणार आहेत अशी खात्री पटली होती. आईवडिलांना या वयात जिना चढावा लागतो, म्हणून परसात त्यांच्यासाठी खोली बांधायची, हे तिने ठरवलं होतं, आणि ते चूक होतं असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. तिने अण्णांना सांगितलं होतं : "सोमवारी सकाळी बोट इथे दिसली, तर तोडून नेणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे."

"चला, एक... दोन..." धाकटा म्हणाला, आणि 'तीन'च्या आधी त्याने एक हात काढून गळ्यातला कॅमेरा सावरला. तो फोटोग्राफर होता. बारशापासून साखरपुड्यापर्यंत दुसऱ्यांचे सगळे क्षण त्याने टिपले होते, फक्त घरातल्या प्रत्येक फोटोत त्यालाच कुणीतरी ओरडत असायचं.

"कॅमेरा ठेव, मेल्या!" आत्या ओरडली.

शेजारचा सुतार, त्याचे दोन भाऊ, समोरच्या बेकरीतला भट्टीवाला, धाकटा, धाकटी आणि ऑफिसच्या सँडल घालून आलेली ताई, सगळ्यांनी मिळून बोट एका कुशीवर उभी केली. क्षणभर ती तशीच तोलली. मग हळूच, एखादी लठ्ठ बाई झोपेत कूस बदलते तशी, जुन्या टायरांवर पोट टेकून सुलटी झाली. टायर फुसकन दबले. माई, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, "उठली गं बाई माझी सवत! किती वर्षं तोंड खाली घालून पडली होती!"

सगळे हसले. भट्टीवाल्याने पाव आणले होते, माईने चहा आणला. अण्णा बोटीच्या काठावरून हात फिरवत सावकाश चालत होते. मिशीत हसू मावत नव्हतं.

धाकटीही हसत होती. कप हातात घेऊन ती मागच्या बाजूला गेली. बोट उलटी असताना तिची पाठ, म्हणजे मागची सपाट फळी, जिच्यावर इंजिन लटकतं ती, भिंतीला चिकटून होती. तिथे जेमतेम हात घालून ब्रश फिरवता आला होता. आता बोट भिंतीपासून सरकली होती आणि पहिल्यांदाच ती नीट दिसत होती. आणि इंजिनच्या जुन्या बोल्टच्या भोकातून, कालच्या पांढऱ्या रंगावरून, चहाच्या रंगाचा एक ओघळ खाली येत होता.

तिने स्वतःच्या कपाकडे पाहिलं. कप सरळ होता.

खिशातून तिने दाताच्या आरशाचा दांडा काढला. सगळं पोट तिने यानेच वाजवून तपासलं होतं. फळीच्या वरच्या कडेला वाजवलं : टक, टक. खणखणीत. जरा खाली : टक. आणखी खाली, भोकाच्या आसपास : ठप. ठप. ठप.

तिकडे अण्णा सुताराला सांगत होते, "उद्या नाही, आजच संध्याकाळी इंजिन लावून एक फेरी मारायची. आपण सगळे."

गप्प बसलं तर काय होईल, हे तिने क्षणभर मनात मांडून पाहिलं. बोट फाटकातून बाहेर जाईल. ताई खोली बांधेल. अण्णा आज संध्याकाळी जगातला सगळ्यात सुखी माणूस असतील. आणि कधीतरी, किनाऱ्यापासून लांब, ही फळी इंजिनसकट सुटून खाली जाईल. बोलावं, तर बोट आज हलत नाही. आणि उद्या गवंडी.

दाढ काढायची आहे हे हसऱ्या माणसाला सांगायची तिला सवय होती. पण तो माणूस सासरा नसायचा.

"अण्णा," ती म्हणाली. "जरा इकडे येता?"

आवाजात काहीतरी असणार, कारण सगळेच आले.

"मागची फळी पोकळ वाजतेय. आतलं लाकूड कुजलंय. उघडून बघायला हवं."

"काल रंग दिला आणि आज रोग सापडला?" अण्णा म्हणाले.

"पाणी येतंय, बघा."

"किती वर्षं उघड्यावर पडली होती. पावसाचं पाणी असेल कुठे साचलेलं. निघून जाईल."

"निघून जात नाही, अण्णा. लाकडाने प्यायलेलं आहे."

अण्णांची मिशी खाली आली. "तुझा धंदाच कीड शोधायचा. दात काय आणि बोट काय. कीड सापडली नाही तर तुला करमत नाही."

बेकरीतला भट्टीवाला उगाचच पावाची टोपली सारखी करू लागला. धाकटा तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, आजचा दिवस जाऊ दे ना. उद्या बघू."

"उद्या काय बघणार? उद्या गवंडी आहे."

आणि तेवढ्यात, नको त्या बाजूने, मदत आली.

"बरोबर बोलतेय ती," ताई म्हणाली. तिने वाकून ओघळाला बोट लावलं, वास घेतला. "गेलेली केस आहे. मी म्हणतच होते. अण्णा, हौस झाली, हिवाळा चांगला गेला. आता तोडून नेऊ देत."

"मी तोडा म्हटलेलं नाही, ताई," धाकटी म्हणाली. "मी उघडा म्हटलंय."

"एकच ते."

"एकच कसं? मी रोज उघडते. तोडत नाही कुणाला."

सुताराला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. अण्णा मात्र पायरीवर जाऊन बसले होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली आणि खिशात ठेवली. दुकान बंद केलं त्या दिवशी ते असेच बसले होते, असं माईने धाकटीला कधीतरी सांगितलं होतं.

माई त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. "मी एवढंच सांगते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या बोटीत माझा नवरा बसणार आहे. सवतीचं जाऊ दे, नवरा मला परत हवाय. उघडा."

"तू पण?" अण्णा म्हणाले.

"मी पण."

"आणि अर्धी बोट माझी आहे," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"तुझी कुठली अर्धी?" अण्णा वैतागले.

"आजवर ठरवलं नव्हतं. आता ठरलं. मागची. माझी अर्धी उघडा."

धाकटी अण्णांपाशी गेली आणि दांडा त्यांच्यापुढे धरला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच ऐका."

अण्णांनी दांडा घेतला. मग उठले. बोटीच्या मागे जाऊन, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, उकिडवे बसले आणि फळीला कान लावला. वरून वाजवलं. टक. टक. खाली आले. ठप. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. कापडाची पारख करताना ते डोळे मिटत, तसे आताही मिटले होते. परसात एवढी शांतता झाली की समोरच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली.

त्यांनी कान काढला. गालाला पांढरा रंग लागला होता.

"उसवायला हवं," ते म्हणाले.

उसवणं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत नावडता शब्द होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उसवलेला कपडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून ते दहादा मापं घ्यायचे. धाकटा पुढे झाला, पण त्यांनी हात वर केला. "मी उसवतो. हिने दाखवावं कुठून."

आतल्या बाजूचं फायबरग्लासचं कवच कापून बाजूला केलं, तेव्हा वास आला : बंद पडलेल्या विहिरीचा, भिजून राहिलेल्या पुस्तकांचा. आतलं प्लायवूड म्हणजे चहात बुडालेला पाव झाला होता. अण्णांनी छिन्नी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी छिन्नीकडे पाहिलं, मग खाडीच्या दिशेने पाहिलं, आणि मग सुनेकडे. छिन्नी तिच्या हातात दिली आणि स्वतः घमेलं धरून बसले.

काळा, ओला चुरा निघत राहिला. काठाकाठाला चांगलं लाकूड लागेपर्यंत ती कोरत गेली. आत्या दर थोड्या वेळाने विचारत होती, "रक्तस्राव थांबला का?" आणि सुतार दर वेळी "थांबतोय, सिस्टर" म्हणत होता. ओल सुकवायला माईने आपलं केस वाळवायचं यंत्र आणलं, शेजारणींकडून आणखी मागवली, आणि थोड्याच वेळात बोटीच्या पाठीशी ओळीने बसून माणसं तिला वारा घालू लागली.

"पण भरायचं कशाने?" सुतार म्हणाला. "जाड, पाण्यात टिकणारं प्लाय पाहिजे. माझ्याकडे आहे ते कपाटाचं. आणि आज दुकानं बंद."

तेव्हा कुठे लक्षात आलं, की ताई दिसत नाही. तिची स्कूटरही नव्हती.

"गेली," धाकटा म्हणाला. "रागावली असणार. आता उद्या गवंड्याबरोबर तो तोडणारासुद्धा घेऊन येईल."

धाकटीलाही तसंच वाटलं. ताईचा राग तिला समजत होता. ताई एकटीने धडपड करून आईवडिलांसाठी खोली उभी करत होती, आणि सगळं घर एका कुजक्या फळीला वारा घालत बसलं होतं.

बऱ्याच वेळाने फाटकापाशी टेम्पो थांबला. ताई पुढच्या सीटवरून उतरली. मागे, सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं होतं.

"धरा कुणीतरी," ती म्हणाली. "जड आहे."

सतरंजी काढली. कोरं करकरीत दार होतं. सुताराने त्यावर टिचकी मारली आणि डोळे मोठे केले. "हे तर एक नंबर माल! पाण्यातलं!"

"न्हाणीघराचं आहे," ताई म्हणाली. "नव्या खोलीच्या. आधीच घेऊन ठेवलं होतं."

माईने तोंडावर हात ठेवला. "अगं, मग खोलीच्या न्हाणीघराला काय?"

"पडदा लावा."

"पडदा!" माई हसायला लागली ती थांबेचना. "या वयात!"

अण्णा दाराकडे बघत होते. "कापावं लागेल ते."

"दारच आहे, अण्णा. दुसरं मिळतं." ताईने घाम पुसला. मग जरा खालच्या आवाजात, धाकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मी तोडून न्या म्हटलं, तेव्हा बघितलंस त्यांचं तोंड? ते तोंड घेऊन त्या खोलीत राहायला आले असते. मग मी खोली कुणासाठी बांधायची?"

धाकटीने तिच्या हातात एक केस वाळवायचं यंत्र दिलं. ताई खाली बसली, आणि तिथूनच तिने गवंड्याला फोन लावला.

"उद्या येऊ नका. पुढच्या सोमवारी या... नाही नाही, रद्द नाही. घरात पेशंट आहे... हो, पाठीचं ऑपरेशन... डॉक्टर घरातच आहेत हो, काळजी नको."

दार कापलं, बसवून बघितलं, कडा तासल्या. मग धाकटीने रेझिन कालवलं आणि ते घट्ट करणारा हार्डनर टाकला, आणि परसातला आवाज एकदम उतरला, कारण आता घाई होती आणि घाई दोघांचीच होती. अण्णांनी काचेचं कापड आधीच बेतून ओळीने मांडलं होतं. ती हात पुढे करायची, तुकडा हातात यायचा. कुठला, हे सांगावं लागत नव्हतं. ती ब्रशने भिजवायची, ते रुळाने बुडबुडे दाबत काठाकडे न्यायचे.

"दातात एवढा वेळ मिळतो का?" मध्येच त्यांनी विचारलं.

"याहून कमी. आणि पेशंटला त्याच वेळी बोलायचं असतं."

"ही बरी मग. गप्प असते."

"आज बोलली की, अण्णा."

ते हसले. रूळ तसाच चालू होता. "बोलली खरी," ते म्हणाले. "मला ऐकू कमी येतं."

तिने पुढचा तुकडा मागितला, आणि तो आधीच तिच्या हातात होता.

पुढच्या रविवारी बोट धक्क्यावर होती. फळी खडखडीत घट्ट झाली होती. अण्णांनी आठवडाभर येताजाता ती वाजवून एवढी तपासली होती की माई म्हणाली, आता आतून कुणीतरी 'कोण आहे' म्हणून विचारेल. भरती आली होती, वारा पडलेला होता, आणि पाणी इस्त्री केल्यासारखं पसरलं होतं. बोट घसरत पाण्यात गेली, एकदा मान डोलावली आणि तरंगू लागली. ताई सर्वांत आधी आत उतरली, कारण तिला पाहणी करायची होती. तिने वल्ही जागेवर आहेत का बघितलं, बसायच्या फळ्या हलवून बघितल्या.

इकडे काठावर नवा वाद पेटला होता. पहिल्या फेरीला कोण?

"मागची अर्धी माझी, मी मागे बसणार," आत्या म्हणाली.

"मागे इंजिन चालवणारा बसतो!"

"मग शिकव मला."

"आधी जोडा बसू दे," सुतार म्हणाला. "अण्णा आणि माई."

"मी सवतीच्या मांडीवर पहिल्याच दिवशी बसत नाही," माई म्हणाली. "आधी तिचा स्वभाव बघू."

"थांबा थांबा, हे छान आहे!" धाकटा ओरडला. "असेच भांडत राहा, हलू नका!" आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. त्यासाठी दोन्ही हात लागत होते. दोरही त्याच्याच हातात होता.

प्रथम कुणाला कळलंच नाही. मग आत्याची छत्री हवेत थांबली. "अरे, ती पोरगी कुठे चालली?"

बोट धक्क्यापासून सुटली होती आणि निवांतपणे, कुणाची वाट न बघता, खाडीच्या मधल्या बाजूला निघाली होती. आत ताई उभी होती, ऑफिसच्या सँडलमध्ये, एका हातात वल्हं.

"बस खाली!" "वल्हं मार!" "उजवं मार, उजवं!" "तिचं उजवं की आपलं?" "दोर ओढ!" "दोर पाण्यात आहे, मूर्खा, तूच टाकलायस!" सगळं घर एकाच वेळी ओरडत होतं. ताईने एकदा सगळ्यांकडे बघितलं, वल्हं खाली ठेवलं आणि मधल्या फळीवर बसली. लांबूनही दिसत होतं, तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून माई पुढे झाली, आणि मग पाण्यावरून आवाज आला. ताई हसत होती. पोट धरून.

"मारू का मी उडी?" धाकट्याने अपराध्यासारखं विचारलं.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "फिरू दे तिला जरा. भरती आहे, लांब जायची नाही. परत येईल."

पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते बोटीच्या पाठीकडे बघत होते, जिथे ती पाण्याला टेकली होती. धाकटीही तिथेच बघत होती. आतून काही कळायला मार्ग नव्हता, आणि ओरडून विचारायचा धीर दोघांनाही होत नव्हता.

ताईचं हसणं ओसरलं. मग ती उठली, तोल सांभाळत मागे गेली आणि वाकली. नव्या फळीच्या पायथ्याशी, जिथे दोन्ही बाजू मिळतात तिथे, तिने तळहात टेकवला. कोपऱ्यात सरकवला. पुन्हा टेकवला. पाहणी करणाऱ्या माणसाची ती सवय होती. ती घाई करत नव्हती.

मग ती सरळ उभी राहिली आणि तो तळहात उघडा, किनाऱ्याकडे करून, उंच धरला.

"निरोप देतेय बघ!" आत्या खूश होऊन म्हणाली आणि छत्री हलवू लागली. माईने हात हलवला, सुताराने हलवला, धाकट्याने एका हाताने कॅमेरा धरून दुसरा हलवला. धक्क्यावरची परकी माणसंसुद्धा हात हलवू लागली.

अण्णांनी हात हलवला नाही. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि पापणी न हलवता विचारलं, "काय दिसतंय गं?"

"कोरडा आहे, अण्णा," धाकटी म्हणाली. "हात कोरडा आहे."